मुशी आणि खाडीचें पाणी

मुशीचें मांस शिळें झालें कीं त्यास उग्र दर्प येतो, हें खाडीकांठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. पण त्याचें कारण आपल्या भातखाचरांतच सांपडतें! बोंबील, रावस हे अस्थिमय मत्स्य. मुशी व पाखट हे कूर्चामय, ह्यांच्या अंगांत हाड म्हणून नाहींच. आपण भातास देतों तोच युरिया हे प्राणी रक्तांत सांठवून ठेवितात. त्यायोगें समुद्राचें खारें पाणी त्यांच्या अंगांतील पाणी शोषून घेऊं शकत नाहीं. मेल्यावर जंतु त्या युरियाचा अमोनिया करितात. दर्प तो हाच.

गोड्या पाण्यांत हीच सोय जाचक होते, म्हणून बहुतेक जाती नदींत शिरत नाहींत. 'बुल शार्क' ही मुशी मात्र रक्तांतील युरिया घटवून व पातळ मूत्र विपुल टाकून पार आंत येते. फेब्रुवारी २०२४ मध्यें, पूर्वी ठाणें जिल्ह्यांत असलेल्या मनोरनजीक, वैतरणेच्या खाडींत मासे धरणाऱ्या एका तरुणाच्या पायाचा लचका अशा मुशीनें तोडला. असे प्रसंग विरळाच. तथापि उल्हास नदींतही भरतीचें पाणी कल्याणापर्यंत चढतें. त्या गढूळ पाण्यांत जाळें ओढावयास गड्यास एकटें उतरूं देऊं नये.