बटणावरचा आकडा: १०३ कुणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर साताऱ्याकडच्या एक ताई रुमालात बांधलेलं पितळी बटण घेऊन आमच्याकडे आल्या. वर १०३ हा आकडा. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले, त्यांच्या कोटाचं हे बटण, असं घरात सांगतात म्हणे. विकायचं नव्हतं त्यांना. खरं का, एवढंच हवं होतं. तर आज तेच बटण समोर ठेवू.

आकडा दिसला की आपण लगेच पलटण ठरवून मोकळे होतो. इथेच फसतो. १०३ नंबरच्या दोन पलटणी आपल्या मुंबई इलाख्याशीच जोडलेल्या आहेत. एक गोऱ्यांची, रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स. तिला हा नंबर १८६२ ते १८८१ होता. १८८१ मध्ये ब्रिटिश पायदळाचे नंबरच मोडीत निघाले. दुसरी १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री. किचनेरने १९०३ मध्ये हिंदी पलटणींना नवे नंबर दिले तेव्हाची. १९२२ मध्ये तीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, आणि १०३ गेला.

मग ओळखायचं कसं? मुकुट असेल तर आधी मुकुट बघा. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा साधारणपणे मधोमध दबलेला, बाजूंना फुगीर. १९०१ नंतर राजाचा आला तो घुमटासारखा गोल. त्याखाली बिगुल असेल तर ती लाइट इन्फन्ट्रीची खूण. आणखी एक गोष्ट: ब्रिटिश पायदळातल्या साध्या शिपायांची पलटणवार बटणं १८७१ मध्ये बंद होऊन सगळ्यांना एकच राजचिन्हाचं बटण मिळालं. त्यामुळे गोऱ्या पलटणीचं त्यानंतरचं नंबरी बटण बहुधा अफसराचं.

मग बटण उलटं करा. नवखे लोक पाठ बघतच नाहीत, आणि आमच्या मते निम्मी माहिती तिथेच असते. कडीभोवती कारखानदाराचं नाव, लंडन किंवा बर्मिंगहॅम. फर्मिन, गाँट ही नावं पुष्कळदा दिसतील. वजनाला हलकं, कधीच काळं न पडणारं ॲल्युमिनियमचं असेल तर ते १९५० नंतरच्या पिढीतलं, पणजोबांचं नव्हे.

आणि कृपा करून चिंच लावू नका, ब्रासोही नको! मुलामा एकदा गेला की गेला, बारीक अक्षरंही झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स.

ताईंच्या बटणावर बिगुल होता, मुकुट गोल होता. म्हणजे मराठा पलटण, १९०३ ते १९२२. ही पलटण कुतच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. इथवर घरची गोष्ट जुळते. पण बटण पणजोबांचंच, हे बटण सांगू शकत नाही. त्यावर माणसाचं नाव नसतं. नाव असतं ते पदकाच्या कडेवर: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पदक गावी भावकीत आहे म्हणाल्या. दिवाळीत जातील तेव्हा कडेचा फोटो पाठवणार आहेत.