बांबूच्या पानातले जुळे रेणू

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली बांबूची बेटं अनेकांनी पाहिलेली असतात. त्या पानांतलं रसायन मात्र प्रयोगशाळेतच उलगडतं. पानं गोळा करायला आधी अर्थात वनखात्याची परवानगी!

पानं वाळवून भुकटी करतात, ती अल्कोहोलमध्ये भिजवतात, अर्क गाळून आटवतात. उरतो काळपट हिरवा चिकटा. तो सिलिका भरलेल्या काचेच्या नळीत घालून वरून द्रावक सोडला, की त्यातली संयुगं कमीअधिक वेगानं खाली उतरतात आणि वेगळी होतात.

खरी कसोटी ओळख पटवताना. बांबूच्या अनेक जातींत ओरिएंटिन आणि आयसोओरिएंटिन सापडतात. दोघांचं रेणुसूत्र एकच, रेणुभारही एकच, ४४८. ग्लुकोज एकात आठव्या कार्बनला जोडलेलं, दुसऱ्यात सहाव्या, एवढाच फरक. नुसत्या रेणुभारावरून तो कळत नाही, एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) हे तंत्र लागतं. पवईच्या आयआयटीत ही सोय आहे, बाहेरच्या संशोधकांसाठीही.

अशी चौकशी जुनीच. सितोपलादी चूर्णात पडणारं, बांबूच्या पेरांत साठणारं वंशलोचन भारतातून लंडनला गेलं. रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसननं केलेलं त्याचं पृथक्करण १७९१ मध्ये छापून आलं: मुख्यतः सिलिकाच. पुढे याच स्मिथसनच्या पैशातून अमेरिकेत स्मिथसोनियन संस्था उभी राहिली.