साखर तपासली, पण डोळ्यांचे काय?

सोलापूर शहराच्या कडेला असलेल्या पारधी वस्तीत नर्स म्हणून जाते, तेव्हा मधुमेहाच्या रुग्णांत एक समजूत मला नेहमी आढळते. बोटाच्या रक्तात साखर बरी आली, म्हणजे डोळेही बरे! मग तपासणीच्या आदल्या रात्री भाकरी अर्धीच खायची, सकाळचा चहा टाळायचा, आणि आकडा उतरला की गोळ्या बंद. एक मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, आज एकशेवीस आली. आता कशाला दवाखाना?"

तो आकडा त्या घडीचा. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांना चिकटलेली साखर मोजली की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. या तपासणीला एचबीएवनसी म्हणतात. बहुतेक रुग्णांत ती ७ टक्क्यांखाली असावी. एका रात्रीच्या उपासाने ती फसत नाही, म्हणून माझा तिच्यावर अधिक भरवसा.

डोळ्यांचे मात्र तिच्यातूनही कळत नाही. वाढलेल्या साखरेने डोळ्यामागच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरतात. पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटून रक्त साचते. दुखत काहीच नाही, सुरुवातीला दिसतेही नीट. धूसर झाले की लोक मोतीबिंदू समजून थांबतात किंवा बाजारातून चष्मा घेतात. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. पडद्याच्या आजारात लेसर आणि इंजेक्शन यांनी मुख्यतः उरलेली नजर राखायची असते.

म्हणून प्रौढपणी मधुमेह झालेल्यांनी तो कळताच, आणि पुढे दर वर्षी, पडदा तपासून घ्यावा. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. मग काही तास जवळचे दिसत नाही, ऊन सोसवत नाही. रुग्णाचा रोज बुडतो, सोबत आलेल्याचाही. अज्ञानापेक्षा ही अडचण मोठी, असे माझे मत आहे. शिवाय गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी सरकारी फाटकापाशी घुटमळणारे वडीलधारे अजून भेटतात. 'सिव्हिल'ला एकटे जा म्हटले, तर ते जात नाहीत.

मंडळीतील ज्यांना महिन्यातून एक सकाळ देता येईल, त्यांनी सोबतीला यावे. घरात गॉगल पडून असतील तर तेही पाठवावेत. परतताना उन्हात फार उपयोगी पडतात.