तोंड आलेल्या लेकराची पेज

मायबहिणींनो, तोंड आलेले लेकरू घास थुंकते. भूक नसते असे नाही, जिभेला झोंबते. "खात नाही, राहू दे" म्हणून त्याला उपाशी ठेवू नका.

नागली आपल्या घरचीच. ती रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. मोड आले की उन्हात वाळवा, चोळून मुळ्या काढा, जराशी भाजून दळा. फार भाजाल तर गुण जातो. साध्या पिठाची पेज घट्ट होते आणि पातळ करावी तर पोटात नुसते पाणी जाते. मोडाच्या पिठाची पेज मात्र जास्त पीठ घालूनही पातळ राहते. आजाराच्या दिवशी मोड आणत कोण बसणार? पीठ आधीच करून ठेवा.

सहा महिन्यांपुढच्या मुलाला ही पेज नीट शिजवून, निववून, वाटी-चमच्याने थोडी थोडी पाजा. कुस्करलेले केळेही चालते. तिखट, चिंच, आंबट ताक नको. अंगावरचे दूध चालूच ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून विषबाधा होऊ शकते.

मूल पाणीही घेईना, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, तर भगताकडे वेळ न घालवता सिलवासाच्या सरकारी रुग्णालयात न्या.