दार कुणाचं ऐकणार?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या नेहमीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं होतं. त्या गोंधळात एक बातमी मागे पडली. काही कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं कार्यालयाच्या दारांवर चालेनाशी झाली होती. दुरुस्तीसाठी धाडलेल्या अभियंत्यांनाही डेटा सेंटरमध्ये शिरायला वेळ लागला, असं कंपनीनंच नंतर सांगितलं. बिघाड संगणकांत होता, माणसं मात्र दाराशी अडकली.

इमारतीच्या सगळ्या सुरक्षायंत्रणा एकाच व्यवस्थेखाली आणण्याचा विचार आता आपल्याकडच्या आयटी पार्कांत, रुग्णालयांत आणि मोठ्या गृहसंकुलांतही रुजतो आहे. त्यामागची अडचण खरीच आहे. कॅमेरे एका कंपनीचे, कार्ड-रीडर दुसरीचे, आगीची सूचना देणारं पॅनल तिसरीचं. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, पासवर्ड वेगळा आणि रात्रपाळीला रक्षक एकटा. अलार्म वाजला की तो कुठल्या दाराचा, तिथला कॅमेरा कोणता, हे शोधण्यातच मोलाची मिनिटं जातात.

या यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, कारण प्रत्येक उत्पादकानं आपापली संदेशपद्धत घडवली. वातानुकूलन आणि दिव्यांच्या नियंत्रणातला हा गुंता सोडवण्यासाठी ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेनं अमेरिकेत १९८७ मध्ये काम सुरू केलं. त्यातून १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ हे खुलं मानक आलं. कॅमेऱ्यांसाठी अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ स्थापन केलं. त्यामुळे एका कंपनीच्या कॅमेऱ्याचं चित्रण दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर घेता येऊ लागलं.

दारावरचा कार्ड-रीडर मात्र बराच मागे राहिला. ‘वीगंड’ ही जुनी पद्धत अजून असंख्य दारांवर आहे. तिच्या सर्वांत प्रचलित रूपात रीडरकडून कंट्रोलरकडे फक्त २६ बिट जातात : ८ बिट जागेच्या संकेतांकाचे, १६ कार्डाच्या क्रमांकाचे आणि २ पडताळणीचे. म्हणजे एका संकेतांकाखाली फार तर ६५,५३६ क्रमांक. हा संदेश कूटबद्ध नसतो, त्यामुळे वायरीला हात पोहोचला की क्रमांक चोरता येतो. नव्या ‘ओएसडीपी’ पद्धतीत रीडर आणि कंट्रोलर दोन्ही बाजूंनी बोलतात आणि संदेश कूटबद्धही करता येतो.

सगळ्यांच्या वरचं सॉफ्टवेअर एकच काम करतं : घटनांची सांगड घालणं. कार्ड न दाखवता दार उघडलं, तर त्या दारासमोरच्या कॅमेऱ्याचं आधीच्या काही सेकंदांचं चित्रण आपोआप स्क्रीनवर येतं. सोपं वाटतं, पण त्यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. कॅमेऱ्याचं घड्याळ दारापेक्षा चार मिनिटं पुढे असेल, तर दिसेल तो भलताच माणूस. म्हणून सगळी उपकरणं एका वेळ-सर्व्हरला बांधावी लागतात. निविदेत या मुद्द्याला जेमतेम एक ओळ मिळते, चौकशीच्या वेळी मात्र सारी भिस्त त्याच्यावर असते.

खरा पेच यंत्रणा एकमेकींच्या विरुद्ध बोलतात तेव्हा पडतो. सुरक्षाव्यवस्था म्हणते, दार बंद ठेवा. अग्निशमनव्यवस्था म्हणते, उघडा. कार्यालयांच्या काचेच्या दारांवर बहुधा विद्युतचुंबकी कुलूप असतं. वीज वाहते तोवर ते पोलादी पट्टीला धरून ठेवतं. लहान कुलुपाचा जोरही सुमारे २७० किलोंचा असतो, माणसाच्या धक्क्याला तो दाद देत नाही. वीज तोडली की पकड त्याच क्षणी सुटते. म्हणून सुटकेच्या वाटेवर वीज गेल्यावर उघडणारं कुलूप लावतात. वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहणारा दुसरा प्रकार तिजोरीच्या किंवा सर्व्हरच्या खोलीला शोभतो, आणि तिथेही आतल्या माणसाला हँडल फिरवून बाहेर पडता आलं पाहिजे.

धुराची सूचना मिळताच वीज कोण तोडणार, हा यातला कळीचा प्रश्न. मुख्य सॉफ्टवेअरनं तोडावी, असं ठरवलं तर सर्व्हर, नेटवर्क आणि त्या दिवशीचं अपडेट या सगळ्यांनी वेळेवर साथ द्यावी लागते. त्यापेक्षा आगीच्या पॅनलमधून थेट कुलपाच्या वीजपुरवठ्यापर्यंत रिलेची वायर हवी. दाराशेजारी हातानं वीज तोडायचं बटणही हवं. सॉफ्टवेअरला घटना कळावी, ती नोंदली जावी, पण दार उघडण्यासाठी त्याची परवानगी लागू नये.

जोडणीला दुसरी किंमतही आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामनं कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून पाहत लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेनं संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीच्या सर्व्हरांवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी बंद पडल्या. पहाऱ्याचीच उपकरणं हल्लेखोरांच्या दिमतीला गेली होती. म्हणून कॅमेऱ्यांचं नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवावं आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत.

थोडक्यात, माहिती एका जागी यावी, निर्णय मात्र जिथल्या तिथे घेता यावा. चांगला कंट्रोलर आपल्या दाराची कार्डयादी स्वतःजवळ ठेवतो आणि सर्व्हरशी संपर्क तुटला तरी काम करतो. हे कागदावर तपासून भागत नाही. यंत्रणेचा ताबा घेण्याआधी एखाद्या रविवारी मुख्य सर्व्हर बंद करावा, आगीचा अलार्म वाजवावा आणि सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या माणसांनी मजल्यामजल्यावर फिरून प्रत्येक दार ढकलून पाहावं. ही चाचणी द्यायला जो कंत्राटदार कां-कूं करतो, त्याचं शेवटचं बिल रोखून ठेवलेलं बरं.