व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि डिजिटल मॉडेलर

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि डिजिटल मॉडेलर ही इलेक्ट्रिक गिटारच्या तारांतून निघणारा क्षीण विद्युत संकेत वाढवून त्याला विशिष्ट नाद देणारी दोन प्रकारची साधने आहेत. पहिल्या प्रकारात हे काम निर्वात नलिका (व्हॉल्व्ह किंवा ट्यूब) करतात. दुसऱ्या प्रकारात संगणकीय चिप व्हॉल्व्हच्या वर्तनाची गणिती नक्कल करते. मंचावर दोन्ही साधने वापरली जातात. घरगुती वादनात मात्र त्यांच्यातील एक फरक निर्णायक ठरतो: व्हॉल्व्हचा वैशिष्ट्यपूर्ण नाद बराचसा आवाजाच्या पातळीशी बांधलेला असतो, तर मॉडेलरमध्ये नाद आणि पातळी एकमेकांपासून वेगळे करता येतात.

इतिहास

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९४० च्या दशकात व्हॉल्व्हवर चालणारे गिटार ॲम्प्लिफायर बनवण्यास सुरुवात केली. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये फेंडर बासमन या ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर जेटीएम४५ तयार झाला. ‘द हू’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून मार्शल यांनी १९६५ मध्ये १०० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि एकावर एक रचलेल्या स्पीकर-पेट्यांची उंच मांडणी विकसित केली.

डिजिटल मॉडेलिंगचा प्रसार १९९० च्या दशकात झाला. लाइन ६ या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये मॉडेलिंग ॲम्प्लिफायर व १९९८ मध्ये ‘पॉड’ हे टेबलावर मावणारे उपकरण बाजारात आणले. २०११ मध्ये सादर झालेल्या केम्पर प्रोफायलरमध्ये प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरचे मापन करून त्याचा नाद साठवण्याची सोय होती.

अहिल्यानगर जिल्ह्याशी संबंध

टाउनशेंड हे मेहेर बाबा यांचे अनुयायी आहेत. मेहेर बाबांची समाधी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराजवळ अरणगावनजीक मेहेराबाद येथे असून टाउनशेंड यांनी १९७२ मध्ये तिचे दर्शन घेतले. ‘द हू’च्या १९७१ मधील ‘हूज नेक्स्ट’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘बाबा ओ’रायली’ या पहिल्या गीताच्या शीर्षकात मेहेर बाबा आणि संगीतकार टेरी रायली यांची नावे एकत्र आली आहेत. या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी टाउनशेंड यांनी मंचावरील १०० वॅटच्या संचाऐवजी फेंडर बँडमास्टर हा कमी शक्तीचा ॲम्प्लिफायर वापरला. मोठ्या मंचासाठी योग्य असलेले साधन बंद खोलीतही योग्य असतेच असे नाही, याचे हे परिचित उदाहरण आहे.

कार्यपद्धती

व्हॉल्व्हला त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत मिळाला की ध्वनितरंगाची टोके दबतात आणि मूळ स्वराबरोबर नवे अधिस्वर निर्माण होतात. ही विकृती हळूहळू वाढत असल्यामुळे तार हलके किंवा जोरात छेडण्यातील फरक नादात उमटतो. अंतिम टप्प्यातील व्हॉल्व्ह, रोहित्र आणि स्पीकर हेही नाद घडवतात; परंतु त्यांचा प्रभाव आवाज वाढवल्यावरच पूर्णपणे जाणवतो.

मॉडेलर गिटारच्या संकेताचे अंकांत रूपांतर करून त्यावर ॲम्प्लिफायर, स्पीकर-पेटी व मायक्रोफोन यांच्या प्रतिकृती लागू करतो. या प्रक्रियेत काही मिलिसेकंदांचा विलंब होतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून ३ मिलिसेकंदांचा विलंब स्पीकरपासून साधारण १ मीटर दूर उभे राहण्याइतकाच असतो.

घरगुती वापर

गिटारच्या अनेक स्पीकरांना १ वॅट शक्ती दिल्यास १ मीटर अंतरावर सुमारे १०० डेसिबेल आवाज निर्माण होतो. शक्ती निम्मी केल्यास पातळी केवळ ३ डेसिबेलने घटते. त्यामुळे १० वॅटऐवजी ५ वॅटचा ॲम्प्लिफायर घेतल्याने शेजाऱ्यांना होणारा त्रास फारसा कमी होत नाही. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबेल आहे. ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्यामध्ये शक्तिक्षीणक जोडल्यास आवाज कमी करता येतो. मात्र त्यामुळे खर्च वाढतो आणि स्पीकरचा नादातील वाटाही बदलतो.

व्हॉल्व्ह कालांतराने झिजतात व बदलावे लागतात. त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो आणि बंद केलेल्या ॲम्प्लिफायरच्या धारित्रांतही घातक विद्युतभार उरू शकतो, त्यामुळे दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. स्पीकर न जोडता असा ॲम्प्लिफायर वाजवल्यास त्याचे रोहित्र जळू शकते. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे साधन भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट चालवता येत नाही. दुसरीकडे, योग्य देखभाल केलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर अनेक दशके टिकतो आणि त्याची रचना सुटी करून दुरुस्त करता येते. मॉडेलरमध्ये बिघडलेली चिप बदलणे अवघड असते व नव्या आवृत्तींमुळे तो लवकर जुना ठरतो. मात्र बॅटरीवर चालणारे छोटे मॉडेलर भारनियमनाच्या काळातही वापरता येतात.

श्रवणाची काळजी

हेडफोनमुळे शेजाऱ्यांचा प्रश्न सुटतो, वादकाच्या कानांचा नाही. टाउनशेंड यांना श्रवणक्षीणता आणि कर्णनाद यांचा त्रास असून त्यांनी त्याचे प्रमुख कारण म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी वापरलेल्या हेडफोनकडे बोट दाखवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो.

निवडीचे निकष

स्वतंत्र घर, दिवसा वाजवण्याची मोकळीक आणि दुरुस्तीची सोय असल्यास कमी शक्तीचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर उपयुक्त ठरतो. सदनिकेत, रात्रीच्या सरावासाठी किंवा संगणकावर ध्वनिमुद्रण करण्यासाठी मॉडेलर अधिक सोयीचा असतो. अत्यंत कमी आवाजात वाजवायचे असल्यास व्हॉल्व्हच्या नादाचा मुख्य लाभ मिळत नाही. त्यामुळे निवडीपूर्वी दोन्ही साधने घरात ज्या पातळीवर वाजवायची आहेत त्याच पातळीवर ऐकून पाहणे आवश्यक ठरते.