वंशावळ-संशोधन, इंग्लंडमधील

इंग्लंडमधील सामान्य कुटुंबाची पूर्वपीठिका लिखित नोंदींच्या आधारे शोधण्याची अभ्यासपद्धती. उमराव घराण्यांच्या वंशावळी वारसाहक्क व कुलचिन्हे यांमुळे जतन झाल्या. शेतमजूर, विणकर, लोहार इत्यादींचा मागोवा मात्र चर्च, न्यायालये व शासन यांनी आपापल्या प्रयोजनासाठी ठेवलेल्या दप्तरांतूनच घ्यावा लागतो. हे संशोधन ज्ञात पिढीकडून अज्ञात पिढीकडे, म्हणजे उलट्या क्रमाने चालते.

इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची शासकीय नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. विवाहनोंदीत वधूवरांच्या पित्यांची नावे व व्यवसाय असल्यामुळे मागील पिढीचा धागा मिळतो. जनगणना १८०१ मध्ये सुरू झाली, तरी देशभरातील व्यक्तींची नावे १८४१ पासूनच उपलब्ध आहेत. १८५१ पासून नेमके वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मस्थान यांची नोंद होऊ लागली. जन्मस्थान कळले, की कोणत्या पॅरिशची (चर्चच्या स्थानिक क्षेत्राची) दप्तरे पाहावयाची, हे ठरते. जनगणनेच्या मूळ नोंदी शंभर वर्षे गोपनीय राहतात. १९२१ च्या नोंदी २०२२ मध्ये खुल्या झाल्या.

१८३७ पूर्वीचे मुख्य साधन म्हणजे पॅरिश नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश दिला. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून या नोंदींची वार्षिक प्रत बिशपकडे पाठविली जाऊ लागली. मूळ वही नष्ट झाली असल्यास ही प्रत उपयोगी पडते. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात अनेक वह्यांत खंड पडला आहे. १८१३ पासून छापील नमुन्यांमुळे नोंदींत एकसारखेपणा आला. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळातील तारखा लावताना सावधगिरी बाळगावी लागते.

दरिद्री कुटुंबांची माहिती कित्येकदा त्यांच्या आपत्तीमुळेच टिकून राहिली. निर्धनांच्या पोषणाचा भार पॅरिशवर असल्याने, १६६२ च्या कायद्यानुसार परक्या गरिबास त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठविता येई. त्यापूर्वी घेतलेल्या जबानीत त्याचा जन्म, चाकरी व विवाह यांचा वृत्तांत येतो. याशिवाय मृत्युपत्रे आणि जमीनदारी न्यायालयांची दप्तरे यांतूनही नातेसंबंध उलगडतात. मुंबई इलाख्यात राहिलेल्या इंग्रज कुटुंबांच्या चर्चनोंदींच्या लंडनला धाडलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

नावसाधर्म्य हा या संशोधनातील सर्वांत मोठा धोका होय. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाच्या दोन व्यक्ती आढळणे नित्याचे असून आडनावांचे लेखनही अनिश्चित असे. विशिष्ट बालकाचे दफन झाले होते काय, हे न तपासता त्याला पूर्वज मानल्यास पुढील सर्व वंशावळ परक्या कुटुंबाची ठरते. म्हणून केवळ नाव जुळणे हा पुरावा नव्हे. वय, व्यवसाय, ठिकाण व आप्तसंबंध यांचाही मेळ बसावा लागतो.

या नोंदींचे महत्त्व कौटुंबिक जिज्ञासेपुरते मर्यादित नाही. रिग्ली व स्कोफील्ड यांनी ४०४ पॅरिशांच्या नोंदवह्यांवरून इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ मध्ये सिद्ध केला. ज्यांनी स्वतःविषयी एकही ओळ लिहिली नाही, अशा असंख्य माणसांच्या जीवनाची साक्ष या वह्यांतून मिळते.